खटक्याची बाजू

रमाकांतरावांनी सायकलचं सुटं केलेलं पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरलं आणि आसातून आरपार जाणारी खटक्याची लांब कांब उजवीकडून ओढून काढली. आता तीच डावीकडून घालायची, पलीकडे नट चढवायचा, की झालं. पाना नको, मिस्त्री नको. चाक हाताने सुटावं म्हणून तर या माउंटन बाइकांना असला खटका असतो. पण नट बोटांतून निसटत होता. पुन्हा पुन्हा अंगणातल्या फरशीवर पडत होता, आणि तो पडला हे त्यांना आवाजावरूनच कळत होतं.

मधुमेहाने त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. घरात हे एकट्या नचिकेतला ठाऊक होतं. गणपतीला आला असताना एका सकाळी त्याने वडिलांना चहाचं उकळतं पातेलं सांडशीशिवाय उचलताना पाहिलं आणि ते हिसकावून घेतलं. रमाकांतरावांनी पोराला तिथेच, ओट्यापाशी बजावलं होतं.

"आईला कळता कामा नये. कुणालाच नाही. ती जीव टांगणीला लावून बसेल."

"पर बाबा, डॉक्टरला तर..."

"दाखवलंय डॉक्टरला. तू शब्द दे."

त्याने शब्द दिला. साखर आटोक्यात राहावी म्हणून ही सायकलही त्यानेच सदर बाजारातून आणून दिली होती. सोबत टेकडीवर आला, गाडीच्या डिकीत सायकल मावावी म्हणून पुढचं चाक कसं काढायचं ते दाखवलं. आणि जायच्या आदल्या दिवशी, कुणाला न विचारता, खटका डावीकडून काढून उजवीकडे बसवला. काल संध्याकाळच्या गाडीने तो हैदराबादला परत गेला.

घोळ झाला तो त्या खटक्यावरून. रमाकांतरावांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेलेली. लाल खडूची फुली मारली की माल आल्या वाटेने परत, मग वरून साहेबाचा फोन येवो नाहीतर आणखी कुणाचा. निवृत्त झाले तरी खडू सदऱ्याच्या खिशात असायचाच. परवा बड्या बाजारातले ओळखीचे गोविंदराव प्रसादाला आले होते आणि नेमकी त्यांच्यादेखत रमाकांतरावांची नजर सायकलीवर गेली.

"हे कुणी बसवलं असं?"

"मी, बाबा."

"उजवीकडे? चेनच्या बाजूला? लहानपणापासून काय शिकवलंय तुला? वस्तू कंपनीने दिली तशीच ठेवायची. खटका डावीकडे. सगळं जग मूर्ख आणि तू एकटा शहाणा?"

नचिकेतने आधी गोविंदरावांकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या आईकडे.

"तिकडेच राहू दे ना, बाबा. प्लीज."

"कारण सांग."

नचिकेत नुसताच ब्रेकच्या डिस्ककडे, त्या पोलादी चकतीकडे बघत राहिला. मग रमाकांतरावांनी खडू काढला आणि चाक धरणाऱ्या उजव्या दांड्यावर, खटक्याच्या बरोबर वर, लाल फुली मारली.

"रिजेक्ट. इंजिनियर झालाय म्हणे."

गोविंदराव पोट हलवत हसले. "अहो रमाकांतजी, घरचा मालसुद्धा पास करत नाही तुम्ही? बेचारा लडका!"

नचिकेत हसला नाही. काल निघताना त्याने वाकून नमस्कार केला, डबा घेतला, सगळं रीतीप्रमाणे केलं. फक्त दिवाळीला कधी येतोस असं विचारल्यावर "बघतो" म्हणाला. आजवर दिवाळीची तिकिटं तो गणपतीतच काढून ठेवायचा. रात्रभर ते "बघतो" रमाकांतरावांच्या कानात राहिलं होतं आणि त्याचाच राग ते आता या नटावर काढत होते.

शेवटी नट बसला. खटका डाव्या बाजूला, जिथे असायला हवा तिथे, दाबून बंद झाला. चाक आणि सायकल डिकीत टाकून ते गाडीने टेकडीकडे निघाले आणि पायथ्याशी चाक चढवून खटका आवळला.

टेकडी चढायची त्यांची तऱ्हा सायकल हातात धरून पायी जायची होती, आणि उतरायची तऱ्हा त्याहून मजेशीर: वरपासून खालपर्यंत दोन्ही ब्रेक दाबून, मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला मनात शिव्या देत. आजही तसेच उतरले. पायथ्याशी गाडीची डिकी उघडली, खाली वाकले आणि खटका ओढला. तो सकाळी जरा जास्तच आवळला गेला होता. जोर यावा म्हणून त्यांनी खटक्यामागे आत बोटं रोवली, खटका सोडवला, चाक डिकीत टाकलं आणि घरी आले.

शकुंतलाबाईंनी पोह्यांची बशी पुढे केली आणि ती तशीच हातात धरून राहिल्या.

"हे काय झालं?"

"कुठे काय?"

"अहो, बोटं बघा स्वतःची."

डाव्या हाताच्या दोन बोटांवर टम्म फोड आले होते. एक फुटला होता. रमाकांतराव बोटांकडे दुसऱ्या कुणाची असावीत तसे बघत राहिले.

"कशाने भाजलं? गॅस तर मी तुम्हाला लावूच दिला नाही आज."

"कळलं नाही."

"एवढं भाजलं आणि कळलं नाही?"

पोहे तसेच टाकून ते खाली गाडीशी गेले. चाक बाहेर काढून त्यांनी हात पायथ्याशी घातला होता तसा खटक्यामागे घातला. भाजलेली दोन्ही बोटं नेमकी डिस्कवर टेकली. डिस्कही डावीकडेच होती. टेकडीभर ब्रेक दाबत उतरल्यावर ती केवढी तापत असेल हे तपासणीत जन्म घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. उजव्या बाजूला हात घालून पाहिला. तिथे पोळेल असं काहीच नव्हतं.

ते फरशीवर तिथेच बसले. गोविंदराव समोर, आई दारात, आणि आपण कारण मागत होतो. पोराने शब्द पाळला होता. आपण त्याला चारचौघांत फुली मारली. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की हातातलं चाक खाली ठेवायचंही सुचेना.

मग उठून त्यांनी कांब काढली आणि पुन्हा उजवीकडून घातली. फुली ओल्या फडक्याने पुसली. ती नीट गेली नाही, पसरून गुलाबी डाग राहिला. शकुंतलाबाई मलम घेऊन खाली आल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता रमाकांतरावांनी बोटांचं सगळं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मलम लावलं आणि म्हणाल्या, "त्याला फोन करा."

"काय सांगू?"

"करा तर."

त्यांनी फोन लावला आणि शकुंतलाबाईंनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू करून गाडीच्या टपावर ठेवला. बऱ्याच वेळाने तो उचलला गेला.

"हां बाबा. बोला."

माफीचं वाक्य त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. तोंडातून दुसरंच आलं.

"खटका उजवीकडे केला परत."



"किती भाजलंय?" नचिकेतने विचारलं.

शकुंतलाबाईंनी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला.

"थोडंसंच. दोन बोटं." रमाकांतरावांनी शकुंतलाबाईंकडे पाहिलं. "आईला सांगितलं मी. ती इथेच आहे."

"दुखतंय?"

"नाही रे."

"हं," नचिकेत म्हणाला. "पाणी लागू देऊ नका."

"नाही देत."

मग कुठलं मलम लावलं, डॉक्टर कधी भेटतील, एवढंच थोडा वेळ बोलणं झालं. दिवाळीचं त्याने काढलं नाही. विचारायचं रमाकांतरावांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनीही विचारलं नाही.