खंडेनवमीचं पिस्तूल

नोव्हेना स्टेशनला ट्रेनमधून उतरले आणि फोन उघडला. फोटोत आमच्या देवघरासमोरचा पाट. त्यावर सासऱ्यांचे, म्हणजे बाबांचे, पाने, मायक्रोमीटर, हातोडी, आणि मधोमध एक पिस्तूल. नळीवर झेंडूचं फूल, मुठीवर हळदकुंकू. खाली बाबांनी लिहिलं होतं, "ओळखा पाहू! महायुद्धातलं जर्मन आहे. किंमत किती असेल?"

हा फोटो त्यांनी क्लेमेंटीतल्या आमच्या मराठी शेजाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. शंभरावर माणसं. लोक अंगठे दाखवत होते. "भारी काका!" "खंडेनवमीच्या शुभेच्छा!" एकानेही लिहिलं नव्हतं की काका, हे सिंगापूर आहे.

आधी वाटलं, खेळण्यातलं असेल. मग फोटो मोठा केला. खेळण्याला असं वजन दिसत नाही.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला गेलेच नाही. पोटात दुखतंय असा मेसेज टाकला. त्याच फलाटावरून उलटी फिरले. समुद्रापलीकडच्या जळत्या जंगलांमुळे बाहेर सगळं धुरकट, दोन आठवडे सूर्य नीट दिसला नव्हता, गाडीतली निम्मी माणसं मास्क लावून. मला पहिल्यांदा मास्क बरा वाटला. चेहरा कुणाला दिसत नव्हता.

इथे घरात पिस्तूल सापडलं तर तुरुंग. आणि पुरुष पन्नाशीच्या आतला असेल तर वर वेताचे फटके. बाबा बाहत्तर वर्षांचे. माझा नवरा प्रबोध एकेचाळीसचा, आणि फ्लॅट त्याच्या नावावर भाड्याने घेतलेला. फटके कुणाच्या पाठीवर पडणार, हे कळायला वकील लागत नाही.

घरी आले तेव्हा प्रबोध लॅपटॉपसमोर बसला होता. कानात हेडफोन, ऑफिसची मीटिंग चालू. धुरामुळे खोकणारी गार्गी शाळेत न जाता सोफ्यावर लोळत होती. बाबा चष्मा पुसत होते.

"तो फोटो काढून टाका," मी म्हटलं.

"अगं, निघत नाही. सगळ्यांकडे गेला."

"हे आलं कुठून?"

"माझ्या ट्रंकेतून. तोआ पायोहच्या माझ्या दोस्ताकडे, मनोहरकडे होती ना, तीच. त्याच्या घराचं रंगकाम निघालं म्हणून परवा आणली. एकोणऐंशी साली हॅम्बुर्गमध्ये आमच्या जहाजावरच्या जर्मन सेकंड इंजिनीअरने दिलं होतं. त्याच्या बापाचं. मी दोन दिवस पॉलिश पेपरने घासतोय. बघ कसं चमकतंय."

प्रबोधने हेडफोन काढला. "मला वाटलं, बाबा पाने घासतायत."

"दोन दिवस?"

"विनीता, ओरडू नकोस. भिंती पातळ आहेत."

बेल वाजली. मी दाराच्या भोकातून पाहिलं. वरच्या मजल्यावरचा चंद्रशेखर. बँकेत मॅनेजर, फावल्या वेळात जुन्या बंदुकांच्या वेबसाइट वाचत बसतो. ग्रुपवर सगळ्यांना रणगाड्यांची माहिती फुकट वाटणारा माणूस.

"शामकाका, दाखवा तरी!" असं म्हणत तो आत आला. पाटासमोर उकिडवा बसला, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून. "मी हात लावणार नाही. तुम्हीच उलटं करा. मॅगझिन रिकामं आहे ना?"

"रिकामं. गोळी मी आयुष्यात पाहिली नाही."

चंद्रशेखरने फोनचा टॉर्च लावला. "वर बी-वाय-एफ. म्हणजे माउझरचा कारखाना. पुढे बेचाळीस, ते वर्ष. आणि हे बारकं गरुडाचं चिन्ह, लष्कराने तपासून घेतल्याचा शिक्का. ल्यूगर आहे काका. अस्सल. आता सुट्या भागांवरचे आकडे बघा. मोठ्या नंबरचे शेवटचे दोन आकडे सगळीकडे तेच हवेत."

बाबांनी एकेक भाग उजेडात धरून आकडे वाचले. सगळे जुळले. त्यांचा चेहरा असा फुलला की मला किळस आली.

"मग किंमत?"

"काका, याच्यावर काळा-निळा मुलामा असतो. तोच तुम्ही घासून काढलात. गोळा करणारे लोक घासलेल्याला हात लावत नाहीत. निम्म्याहून जास्त किंमत गेली."

"स्वच्छ केलं तर किंमत जाते? मी चाळीस वर्षं इंजिनं स्वच्छ ठेवली!"

"इंजिन नाहीये ना काका हे." चंद्रशेखर उठला. दारात चपला घालताना माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं, मी निघतो. कॉल आहे."

दार लावलं तेव्हा मला कळलं, त्याने हात का लावला नाही ते. त्याला त्यावर आपल्या बोटांचे ठसे नको होते.

"कालव्यात टाकू," प्रबोध कुजबुजला. "अंधार पडल्यावर."

"फोटो कुठल्या कालव्यात टाकशील?"

"मग काय करू? माझा वर्क पास जाईल विनीता. गार्गीची शाळा..." त्याने लॅपटॉप बंद केला.

"Papa, must call police lah," गार्गी सोफ्यावरून म्हणाली. "Teacher say, if you see, don't touch, call."

मी फोन उचलला. बाबा आडवे आले. "सूनबाई, पूजा केलीय त्याची. उद्या दसरा. उद्यापर्यंत थांब."

"बाबा, बाजूला व्हा."

मी नऊ-नऊ-नऊ लावला. इंग्लिशमध्ये पत्ता सांगितला. पिस्तूल आहे म्हणाले, जुनं आहे म्हणाले, आम्हीच कळवतोय, असं दोनदा म्हणाले.

ते आले. चौघे होते, दोघांच्या हातात ढाली. आम्हाला हात दिसतील असे ठेवून भिंतीपाशी उभं केलं. गार्गी माझ्या कमरेला धरून होती. अधिकाऱ्याने पाटाकडे बोट दाखवलं.

"That red thing. Blood?"

"कुंकू," मी म्हटलं. "Prayer powder."

त्याने ते लिहून घेतलं. मग विचारलं, हे कुणाचं?

सकाळपासून शंभर माणसांना "माझं, माझं" सांगणारा माणूस जमिनीकडे बघत होता. आणि माझ्या नवऱ्याने घसा खाकरला. मला ते खाकरणं ओळखीचं आहे. बापाच्या वाटचं स्वतःवर घ्यायच्या आधी तो आयुष्यभर असाच खाकरत आलाय.

"बोलायचं नाही, प्रबोध!" मी ओरडले. भिंती पातळ असल्या तर असू देत. "बाबा, तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते, आणि तो फोटो दाखवते."

बाबांनी मान वर केली. मग म्हणाले, "Mine. Shamkant. My son did not know."

आवाज म्हाताऱ्याचा होता. मला दया आली, पण माझा शब्द मी मागे घेतला नाही.

दोघांनाही नेलं. प्रबोधला फक्त जबाबासाठी, असं म्हणाले. 'फक्त' या शब्दावर विश्वास ठेवायला मला जमलं नाही. पिस्तूल पिशवीत गेलं, फूल पाटावरच राहिलं.

जाता जाता अधिकारी माझ्याशी हळू आवाजात बोलला. बरं झालं तुम्ही स्वतः फोन केलात. तुमच्या मागोमाग याच पत्त्यासाठी आणखी एक कॉल आला होता.

"कुणाचा?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि लिफ्टकडे गेला.

मी दार लावून कडी घातली. फोन उघडला. ग्रुपवरच्या शुभेच्छा थांबल्या होत्या. एकेक ओळ वर सरकत होती, अमुक ग्रुपमधून बाहेर पडले, तमुक बाहेर पडले. सकाळी अंगठे दाखवणारे तेच. मी नावं वाचत गेले. चंद्रशेखर अजून ग्रुपमध्ये होता आणि ऑनलाइन दिसत होता.

"Mummy, Papa come back for dinner or not?"

मी कणीक काढली. चौघांची काढली.