उलट्या ओळीतला व्हरांडा

साहेब, सुनंदाबाईंचा हात तुम्ही भाजलात. तुम्ही आणि मी.

मित्रांनो, मी अंबरनाथ पूर्वेला कारखान्याच्या वसाहतीतला एक जुना व्हरांडा आहे. वय सहाच वर्षं, पण पोपडे सुटलेत, म्हणून जुना. मूळ नकाशा चांगला होता. पश्चिमेला सात फूट खोल व्हरांडा. उतरतं ऊन मी झेलायचं, आतल्या खोल्या गार राहायच्या. स्वयंपाकघर मागे, पूर्वेला. रस्त्यापलीकडची ओळ तशीच बांधली. मग कारखान्याचे साहेब म्हणाले, "मोटारीतून जाताना दोन्हीकडे दर्शनी बाजू दिसली पाहिजे." नकाशे काढणाऱ्या विष्णुपंतांनी कागद उलटा ठेवून आमची ओळ काढली. मी पूर्वेला आलो, स्वयंपाकघर पश्चिमेला गेलं. पंतांना चूक कळत होती. पण नोकरी नवी होती.

बांधकामावर बारवीकडच्या पाड्यावरची नवसी घमेली वाहायची. मागची भिंत चढताना ती म्हणाली, "हिकडं चूल? बाय भाजंल ना रं! आमी तं हिकडं गुरं पन नाय बांधीत."

"नवसे, तू घमेलं बघ. नकाशा शिकलेल्यांनी काढलाय," महिपती मुकादम हसला.

मीही हसलो. मला दर्शनी जागा मिळाली होती ना!

आणि ते घर मिळालं कुणाला? खुद्द विष्णुपंतांना. रविवारी दुपारी माझ्या सावलीत पत्ते पडायचे. "पंत, तुमच्याकडे तर माथेरान आहे हो!" मी फुगायचो.

आतून पंतांची बायको, सुनंदाबाई, ओरडायच्या, "माथेरानकर, इकडे येऊन भजी तळा, मग बोला!"

सगळे हसायचे. उठायचं कुणी नाही. चारनंतर स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला की चटका बसायचा.

यंदा वैशाखात नवसी करवंदं विकायला आली. तिनं भिंत पाहिली, बाईंचं तोंड पाहिलं. दुसऱ्या दिवशी करवीच्या काठ्या आणून भिंतीबाहेर हातभर अंतरावर कूड उभा केला, वर पेंढा टाकला. भिंत निवली. आठ दिवस सुनंदाबाई दुपारी चक्क स्वयंपाकघरात वाचत बसायच्या.

मग साहेबांची मोटार मागच्या गल्लीतून गेली. "इथं पाडा वसवलाय काय? काढा ते!"

पंतांनी स्वतःच्या हातांनी कूड उपटला.

"अहो, भिंत तापते म्हणून सांगा की त्यांना."

"काय तोंडानं सांगू? नकाशा मीच उलटवला होता."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

पंत काठ्या गोळा करत राहिले.

त्याच रविवारी भजी तळताना सुनंदाबाईंना भोवळ आली. कढई कलंडली. उजवा हात कोपरापर्यंत. त्या वेळी मी गार होतो, माझ्यात पत्ते चालले होते आणि किंकाळी ऐकूनही एकजण म्हणाला, "आधी हा हात संपू दे." अजून त्यांना स्वतःची वेणी घालता येत नाही.

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा आधी दुपारी चारला त्या जागेवर उभे राहा. चूल कुठे असावी हे रस्त्याला विचारू नका.

आणि साहेब, मागच्या मैदानात नव्या ओळीसाठी चुन्याच्या रेघा पडल्यात. चोवीस घरं, स्वयंपाकघरं पुन्हा पश्चिमेला. या वेळी पंत लेखी अर्ज घेऊन तीन दिवस तुमच्या दाराबाहेर उभे आहेत. दार उघडा. त्या चोवीस बायकांपैकी कुणाचा हात भाजलेला तुम्हाला चालेल, ते नाव सांगा. उत्तर द्या.