बालवाडीतलं बालवाडीत

अठ्ठावन्न साली आचऱ्यात बालवाडी निघाली. तिथे पोरं अक्षरं कमी गिरवायची आणि घरातली भांडणंच जास्त सांगायची. शिकवणाऱ्या शेवंताबाई सगळं ऐकून पोटात ठेवायच्या. त्यामुळे सरपंचांच्या बायकोला अन्न गोड लागेना. एका सकाळी ती शेजारच्या जानकीच्या मुलीकडून काय कळतं ते काढायला पानात गुंडाळलेले चार बांगडे घेऊन हजर झाली.

"बाई, जानकीचा चेडू घरातला काय सांगता गो?"

"काकी, पोरांनी सांगलेला मी कोणाक सांगूचंय नाय. बांगडे घेवन जावा."

"मोठी इली शिकलेली!"

"आणि त्या चेडवापेक्षा तुमची नात जास्त सांगता."

काकींचा चेहरा उतरला. "काय सांगता?"

"ता पण सांगूचंय नाय."

दुसऱ्या दिवशी नात आली ती तोंडात अख्खा लाडू कोंबून, आणि बालवाडी सुटेपर्यंत तो गिळायला घरून सक्त मनाई होती.