सात पिढ्यांचं दुकान

आमच्याकडे दारात उभ्या राहिलेल्या माणसानं तुमच्या सात पूर्वजांची नावं ओळीनं म्हणून दाखवली, की तो परका राहत नाही. त्याला आत घ्यायचं, लोडाशी बसवायचं, चहा पाजायचा, आणि वर त्याच्या बायकोबद्दलची गाऱ्हाणीही ऐकायची. आमच्या नारीन प्रांतातला हा नियम डोंगरांहून जुना आहे. डोंगर नंतर आले. माझ्या पणजोबांनी ते येताना पाहिले होते.

तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीला, उलकानताईला, फोन आला आणि पलीकडच्या गोड आवाजानं तिचे सातही पूर्वज न अडखळता म्हटले, त्यावर तिनं फोनपुढे पावाची ताटली सरकवली, यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

"ये रे बाळा, पाव गरम आहे. कोणाचा तू?"

"आजी, मी औषधांच्या कंपनीतून बोलतोय. तुमची नात बेगायम, तिच्या आकडीवर आमच्याकडे गोळ्या आहेत. पहिलं पाकीट फुकट."

बेगायम शेजारीच कणीक मळत होती. तिचे हात परातीत तसेच थांबले.

तिला लहानपणी आकडी यायची. पुढे ती आपोआप गेली. ही गोष्ट घरात आम्हाला ठाऊक होती, आणि 'सात पिढ्या' नावाच्या एका वेबसाइटला. वंशवृक्ष फुकट काढून मिळतो म्हणून ताईनं तिथं सगळं भरून दिलं होतं. कुळातल्या आजारांचाही रकाना होता.

"अगं, पण तो भरायचा कशाला?" बेगायमनं विचारलं.

"कुळाबद्दल कोणी विचारलं तर गप्प बसायचं? लोक म्हणतील, हिला आपली माणसंच ठाऊक नाहीत."

ही चूक आमच्याच लोकांनी करावी. आमच्याकडून गुपित काढायचं तर मारझोड लागत नाही. पूर्वजांबद्दल आदरानं विचारलं की झालं.

बेगायमचं लग्न तोंडावर आलं होतं. होणाऱ्या नवऱ्याची आई शाकिन बोलायला सुरीसारखी, आणि तीही त्याच वेबसाइटवर होती. साइटनं तर दोन्ही कुळांमध्ये आधीच एक रेघ ओढून ठेवली होती. आज ना उद्या तिलाही तो गोड आवाज ऐकू येणार होता. बेगायमनं साइटला लिहिलं, माझं नाव काढून टाका. उत्तर आलं की नाव काढायचं असेल तर पासपोर्टचा फोटो, चेहऱ्याचा फोटो, आईचं जन्मगाव आणि दोन नातेवाइकांचे नंबर पाठवा.

"काढायला सांगितलं तर आणखी मागतायत," बेगायम म्हणाली. "मी काही पाठवणार नाही. मी स्वतः जाणार."

"एकटी कशी जाशील?" ताई म्हणाली. "आपल्या सात पिढ्या ज्याला पाठ, तो नातलगच झाला. नातलगाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. मामबेत, मेंढा आण."

मामबेत म्हणजे मी. मी मेंढा आणला. शेपटी इतकी लठ्ठ की तिच्यासाठी बसचं वेगळं तिकीट काढावं लागलं. राजधानी बिश्केकला पोचेपर्यंत वाटेतले सोयरेधायरे चढत गेले, आणि त्या वेबसाइटच्या कचेरीत शिरलो तेव्हा आमची शेपूट अजून रस्त्यावर होती. मेंढा लिफ्टनं आला. बाकीचे जिन्यानं.

मालक तिलेक तरणाबांड, दाढी कोरलेली. म्हणाला, "आजी, तुमची माहिती अगदी सुरक्षित आहे. आमच्या भागीदारांखेरीज कोणाला देत नाही."

"भागीदार किती?"

"ते बदलत असतात."

"बरं," ताई गालिचा अंथरून बसली. "आपण नात्यातले. मेंढा कापण्याआधी हात पसरून आशीर्वाद द्यायचा तो थोरल्या शाखेतल्यानं. तू थोरल्या शाखेतला की धाकट्या? सांग तुझे सात."

तिलेक हसला. मग हसायचं थांबला. "ही माझी खाजगी बाब आहे, आजी."

सगळ्या टेबलांवरची टकटक बंद पडली. मेंढ्यानं कुंडीतलं झाड खायचं थांबवलं.

"मग माझीही आहे," बेगायम म्हणाली. "काढ."

"काढीन. पण विकलं गेलंय ते माझ्या हातात नाही, बहीणबाई. ते कुठं कुठं पोचलंय ते मलाही ठाऊक नाही."

निदान हे तरी तो खरं बोलला. बेगायमचा चेहरा उतरेल असं मला वाटलं होतं. तिनं त्याच्या टेबलावरचा फोन ओढला, शाकिनचा नंबर फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"आई, मी बेगायम. मला लहानपणी आकडी यायची. बरीच वर्षं झाली, आली नाही. गोळ्या विकणारा कोणीतरी तुम्हाला हे सांगेल. त्याच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐका. लग्न मोडायचं तर मोडा, पण मी लपून बसणार नाही."

पलीकडे चुलीवरचं भांडं खाली उतरवल्याचा आवाज आला.

"तो मेला काल येऊन गेला फोनवर," शाकिन म्हणाली. "मी वाट बघत होते, तू सांगतेस की मी विचारायचं. आणि हे बघ, तुझा होणारा नवरा शाळेत जायला लागला तरी अंथरूण ओलं करायचा. तेही लिहून घे म्हणावं त्या दुकानदाराला, म्हणजे त्याला काही विकायचं राहायला नको."

जिन्यात उभे असलेले आमचे सोयरे हसले. ते हसणं खाली रस्त्यावर पोचलं आणि चौकातल्या गाड्या थांबल्या.

"आता काढ," बेगायम तिलेकला म्हणाली. "आमचं, आणि इथं आलेल्या प्रत्येकाचं. आमच्यासमोर."

तिलेकनं कोपऱ्यातल्या कारकून मुलीला खूण केली. तिनं यंत्र पुढे ओढलं, बटण शोधलं. बटण होतंच, पहिल्यापासून. त्यावर बोट ठेवून ती थबकली.

"जरा थांबा हं," ती म्हणाली, "आधी माझं काढते."