बटणावरची नाव

दुपारचं घर निजलं होतं, आणि विळीवर कर्र झालं. मी उठून पाहिलं तर हे माझी विळी पायाखाली धरून तिच्या पात्यावर तांब्याची तार खरवडत बसलेले.

"आवं, आता भाजी कशावर चिरू मी?"

"पिठलं कर आज. वार्निश निघाल्याबिगर करंट जात न्हाई."

यांचं सांगलीत पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. मामंजींनी हौसेनं बांधून घेतलेली छोटी नाव नदीच्या घाटावर असायची. रविवारी हे, मी आणि आमची लेक विजू तिच्यातून हरिपूरला जायचो, झाडाखाली भाकरी खायचो, परत यायचो. इंजिन पेट्रोलचं. दोरीला चार-पाच हिसके दिल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. चैत्रात यांच्या छातीत कळ आली आणि मिरजेच्या डॉक्टरांनी हिसके बंद केले. जपा, म्हणाले. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"पेट्रोल लय म्हागलंय," असं जगाला सांगत यांनी एका जुन्या जीपचा डायनामो आणला आणि त्याची नावेसाठी मोटर करायला घेतली. जगाला ते पटलं. मलाही.

दिवाळीनंतर नाव पाण्यात उतरली. ट्रकच्या दोन बॅटऱ्या शेजारच्या जोतीरामभाऊजींनी खांद्यावरून आणल्या.

"आकाराम, बॅटऱ्या हायत का म्हशी रं?"

"म्हशीच. पर वैरण लागत न्हाई गड्या."

मागच्या फळीवर, यांच्या बसायच्या जागी, बॅटऱ्या बसल्या. विजूला यांनी मधे बसवलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"चढ. बटन दाब."

"मी? तुमी हायसा की."

"दोरी तुला वढली नसती," पाण्याकडं बघत हे म्हणाले. "बटनाला ताकद लागत न्हाई."

सहा महिने मी हे काम पेट्रोलपायी चाललंय असं समजत होते. मी पदर खोचून नावेत चढले. हे मात्र सुकाणूला तेल लावत होते, कुणाचं तरी पंपाचं काम असावं तसे.

बटण दाबलं. आवाज झालाच नाही. काठच तेवढा मागे सरकू लागला. हे पायरीवर उकिडवे बसून नुसत्या तळहातानं मला डावी-उजवी दाखवत होते. दोनदा नाव आडवी गेली. तिसऱ्यांदा वळली. विजू टाळ्या पिटत होती.

काठाला लागताच ती ओरडली, "आण्णा, आता तुमी या!"

"न्हाई गं बाळ. बॅटऱ्यांचं वजन माझ्याहून जादा हाय. मी चढलो तर नाव बुडंल."

हातातलं तेलाचं फडकं त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि जोतीरामभाऊजींबरोबर पायऱ्या चढू लागले. प्रत्येक टप्प्यावर थांबत.

विजू माझ्याकडं वळली.

"आई, मग रविवारी आण्णांनी कुठं बसायचं?"