बिरजंदच्या घाटात पुढे कोण चाललं

“झाहेदान सुटलं का रे?” कृष्णाजीने पडल्या पडल्या विचारलं.

“सुटलं. आता पुढं नुसती वाळू,” उशाशी स्टुलावर बसलेला बसवंत म्हणाला.

“पाणी भरून घेतलास?”

“घेतलो की. तू गप पडून राहा स्वल्प.”

कृष्णाजीच्या येलहंक्याच्या घरातून दर रविवारी हा आठवणीतला प्रवास निघायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत दोघे एकाच लॉरीवर होते. इराणच्या वाळवंटातून आणि डोंगरांतून रशियाकडे जाणारा माल ते आळीपाळीने चाकावर बसून पोचवत. त्याला आता वीस वर्षं होत आली. कृष्णाजीची एक बाजू वाऱ्याने गेली होती आणि बसवंत शिवाजीनगरच्या एका बेकरीची पावाची गाडी चालवत होता. बायको गेल्यापासून खोलीवर त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. बेकरीत एकदा त्याने इराणचं नाव काढलं, तर भट्टीवरचा माणूस म्हणाला, “मामा, चंद्रावर पण पाव टाकून आलात काय?” सगळे खो खो हसले. तेव्हापासून त्याने तो विषयच बंद केला. आठवडाभर तोंड मिटून राहायचं आणि रविवारी सकाळी येलहंक्याची बस पकडायची, हा त्याचा खाक्या.

इराणातला सगळा रस्ता दोघांचा होता, पण बिरजंदच्या पुढचा घाट एकट्या बसवंताचा. भर दुपारी बर्फाचं असं वादळ सुटलं की समोरचं बॉनेट दिसेना. थांबावं तर गोठून मरायचं, जावं तर खाली दरी. अशा वेळची तिकडच्या ड्रायव्हरांची एक रीत होती. एकाने पाठीला लाल कापड बांधून दरीच्या कडेने पुढे चालायचं आणि दुसऱ्याने त्या कापडावर नजर ठेवून लॉरी आणायची. कृष्णाजी गारठून गेला होता. “माझ्याच्यानं होत नाही,” म्हणाला. मग बसवंत उतरला आणि घाट संपेपर्यंत चालला. आयुष्यात त्याच्या हातून दुसरं काही मोठं घडलं नाही, आणि हे घडताना पाहिलेला माणूस जगात एकच होता.

त्या रविवारी कृष्णाजीचा मुलगा प्राणेशही खोलीत येऊन बसला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. लहानपणी बाप परदेशात, आल्यावरही बाप रस्त्यावरच, त्यामुळे एरवी तो त्याच्याशी कामापुरतंच बोले.

“अण्णा, दर वेळी बिरजंद बिरजंद म्हणता,” तो म्हणाला. “काय झालं होतं तिथं?”

इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारत होतं, आणि सांगणारा थापाड्या ठरणार नव्हता. बसवंत सावरून बसला.

“बर्फ रे,” कृष्णाजी अडखळत म्हणाला. “काही दिसंना. बसवंता भ्याला. मग मी उतरलो. लाल पंचा बांधलो पाठीला आणि चाललो पुढं.”

बसवंत त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. खोटं बोलताना कृष्णाजी नजर चुकवायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज त्याची नजर सरळ होती. त्याच्या डोक्यात ते तसंच बसलं होतं.

“तुम्ही चाललात, अण्णा?” प्राणेश उठून पलंगावर बसला. बापाचा लुळा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. असं त्याला कधी कुणी करताना पाहिलं नव्हतं. “खरं काय, काका?”

बसवंताच्या उजव्या पायाची दोन बोटं त्या घाटातल्या बर्फाने गेली होती. त्याने तो पाय स्टुलाखाली ओढून घेतला. माझं आहे ते, असं ओरडावंसं त्याला वाटलं. अगदी लहान पोरासारखं वाटलं.

“खरं,” तो म्हणाला. “हाच चालला पुढं. मी चाकावर होतो.”

कृष्णाजीने मान वळवली. “आत बसून लई भ्यालास का रे, बसवंता?”

“भ्यालो तर. तू दिसत होतास, म्हणून आलो.”

दाराशी उभी असलेली सून, नीरजा, पदराने डोळे पुसत त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. “काका, अण्णा एवढे धीराचे, आणि तुम्ही एकदा तरी सांगायचं की नाही?”

“राहिलं खरं,” बसवंत म्हणाला.

स्टॉपवरच्या कट्ट्यावर एक म्हातारा पिशवी घेऊन बसला होता. बसवंत त्याच्या शेजारी टेकला. सांगावं का याला, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. म्हाताऱ्याने कानडीत विचारलं, शिवाजीनगरची बस गेली का? अजून यायची आहे, असं बसवंताने सांगितलं, आणि दोघे रस्त्याकडे बघत बसले.