आठपैकी कोणतेही सहा

शनिवारी दुपारी साडेतीन वाजता विशाखाची नोकरी गेली. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजावं. कोचिंग क्लासचे संचालक माधवराव सरही पुढे तसंच समजले.

गेली ती टक्केवारीवरून. लातुरात टक्केवारीवरून माणसं काहीही गमावतात, पण ही टक्केवारी कॉम्प्युटरची होती.

सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा वाचत होते. प्रोसेसर, ७५ टक्के.

"पंच्याहत्तर?" सरांचा आवाज बसला. "मॅडम, आपल्या क्लासमध्ये पंच्याहत्तर?"

"सर, ते मार्क न्हाईत. मशीन किती राबायलीय, ते हाय."

"म्हणजे पुरेशी राबत नाही! येता-जाता पालक बघतात हो काचेतून."

क्लासच्या ऑनलाइन सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर तपासायला विशाखा रोज, रविवारीसुद्धा, मुरुडहून एसटीनं येई. उत्तर सेव्ह होतं का, वेळ संपल्यावर पेपर बंद होतो का, लाइट गेली तर पोराचे मार्क जातात का, अशा चारशे तपासण्या. एकीमागून एक लावल्या तर दिवस जाई, म्हणून ती एका वेळी अनेक चालवी. प्रोसेसरला आठ कोअर, म्हणजे आठ राबते हात. सहा हात ती तपासण्यांना देई, दोन मोकळे ठेवी. संध्याकाळी सहापर्यंत चारशेच्या चारशे पास झाल्या तर रविवारची परीक्षा याच सॉफ्टवेअरवर होणार होती. नाहीतर पुण्याचं तयार सॉफ्टवेअर येणार आणि चाचणी विभाग बंद होणार. चाचणी विभाग म्हणजे विशाखा.

"आठही लावा," सर म्हणाले. "रिकामं कुणी बसलेलं मला चालत नाही." त्यांच्या क्लासमध्ये जिन्यातसुद्धा बाकं होती.

तिनं आठही लावले. आकडा शंभरावर गेला. सरांनी ऑफिसला टाळ्या वाजवायला लावल्या आणि पेढे मागवले.

पेढे येईपर्यंत माउसचा बाण जागच्या जागी थिजला होता. त्रेचाळीस तपासण्या नापास. पुन्हा लावल्या, तर एक्कावन्न नापास, आणि त्याही वेगळ्याच. प्रत्येक तपासणीला तीस सेकंदांची मुदत होती. आठही हात गुंतल्यावर मशीनला स्वतःचं काम करायला हातच उरत नव्हता. तपासण्या ताटकळत आणि मुदत संपली की नापास होत.

"सर, सॉफ्टवेअर चांगलं हाय. गर्दी झाली नुसती."

"शंभर टक्के मिळवून नापास? माझ्या उभ्या आयुष्यात असा विद्यार्थी पाहिला नाही. सोमवारपासून येऊ नका." जाताना सरांनी एक पेढा उचलला.

शिपाई ग्यानोबा चहा घेऊन आले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, त्र्याण्णवला भूकंपानंतर आमच्या पत्र्याच्या शेडाकडं टँकर यायचा. आठ तोट्या. लोक आठीच्या आठी सोडायचे. धार करंगळीयेवढी! घागर कुणाचीच भरायची न्हाई, अन् घंटाभरानं टँकरवाला चालला. म्या दोन तोट्या बंद केल्या. लई शिव्या खाल्ल्या, पर घागरी भरल्या."

"हेच सरांना सांगा की, मामा."

ग्यानोबा गेले आणि दोन मिनिटांत परत आले.

"काय म्हणले?"

"म्हणले, भूकंप यंदाच्या सिलॅबसमध्ये न्हाई."

विशाखाला हसू फुटलं. मग ती हसता हसता थांबली. तिनं क्लासच्या छापील कागदावर एक प्रश्नपत्रिका काढली. वर आसनक्रमांकाची चौकट, खाली आठही कोअरची नावं, आणि मधे ठळक सूचना : 'खालील आठपैकी कोणतेही सहा सोडवा.' कागद नेऊन तिनं सरांपुढे ठेवला. सरांचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला.

"सहा सोडवले, सर. मार्क किती?"

"सहाही बरोबर असतील तर पैकीच्या पैकी."

"अन् कुणी आठही सोडवाय गेलं तर?"

"गाढव आहे तो!" सर खरोखर चिडले. "वेळ पुरत नाही, सगळे अर्धवट राहतात! पहिल्या तासापासून बोंबलून सांगतोय मी की..."

ते थांबले. पेनाला टोपण लावलं.

"हे आधी सांगायचं ना, मॅडम. तुम्ही उगाच कॉम्प्युटरचं बोलत बसता."

विशाखानं दोन हात पुन्हा मोकळे केले आणि पावणेसहाला चारशेच्या चारशे पास झाल्या. पंच्याहत्तरच्या आकड्यावर सरांनी स्वहस्ते एक चिठ्ठी चिकटवली : 'पैकीच्या पैकी.'

"उद्या परीक्षेला सकाळी सातला या," ते म्हणाले. "सोमवारी नेहमीसारखं."

"सर, सोमवारपासून येऊ नको म्हणला होतात."

"मी? कधी?"

विशाखानं पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि एक अर्ज टाइप केला. ग्यानोबांनी त्यावर आवकचा शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरचे पेढे हलले.

'प्रति, मा. संचालक. विषय : मोकळीक मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्र निवेदन की, काही भाग मोकळा ठेवल्यास यंत्राचे काम सुधारते, हे आज आपल्या समक्ष सिद्ध झाले आहे. तरी सदर तत्त्व चाचणी विभागातील सर्व कर्मचाऱ्यांना (एकूण संख्या : एक) लागू करून, आठवड्याच्या सातपैकी कोणतेही सहा दिवस सोडविण्याची मुभा देण्यात यावी, ही विनंती.'